एक बोट रिकामी जागा

“क्लच किती वर पकडतोय म्हणालीस?”

“पार गळ्याशी आलाय,” केतकी म्हणाली. “पाय जवळजवळ पूर्ण सुटतो, तेव्हा कुठे गाडी हलते. सुरुवातीलाच माझा अर्धा सेकंद जातो, वस्ताद. अर्धा सेकंद!”

दस्तगीर वस्ताद शेंगा सोलत होते. कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना लागणाऱ्या त्या गॅरेजमध्ये चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या पोटात डोकं घातलं होतं. अर्धा सेकंद ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

केतकीची मात्र झोप उडाली होती. घाटचढणीच्या शर्यतीत उतरणारी ती एकटी मुलगी. गेल्या दोन्ही शर्यतींत झेंडा पडताक्षणीच ती मागे पडली होती. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जेवणाच्या ताटावर निकाल देऊन टाकला होता: रविवारी पहिल्या तिघांत आली नाहीस, तर यापुढे गाडी रणधीर चालवेल. रणधीर हा धाकटा भाऊ. त्याला अजून गाडी मागे घेताना दोनदा खाली उतरून बघावं लागे. पण घोरपड्यांच्या घरात थोरल्यांचं बोलून झालं की चर्चा झाली असं धरतात.

“वस्ताद, शेंगा नंतर खा. गाडी बघा की!”

वस्तादांनी उरलेली शेंग खाल्ली. टरफलं पेपरात गुंडाळली. पेपर नीट दुमडला. केतकीने तेवढ्यात तीनदा घड्याळ पाहिलं.

मग ते त्या लाल, बुटक्या स्पोर्ट्स कारच्या दाराशी उकिडवे बसले आणि त्यांनी पेडलच्या वरच्या अंधारात बॅटरी मारली.

“हा नट कुणी फिरवलाय? पान्याचे ओरखडे ताजे दिसतात.”

“मी.”

“का गं?”

“पेडलला सुरुवातीला पोकळ जागा होती. दाबलं तरी काही म्हणजे काही होत नव्हतं. नुसता वेळ वाया. मग पेडलमागचा दांडा लांब केला आणि ती जागा काढून टाकली.”

“सगळी?”

“सगळी.”

“म्हणून पकड वर गेली.”

“थोडी जाणार हे मला ठाऊक होतं, मी इंजिनिअर आहे. मला पकड खाली पाहिजे. आणि ती पोकळ जागा परत नको.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

वस्ताद इतके हसले की त्यांना ठसका लागला. केतकीने पाण्याची बाटली पुढे केली, पण जरा आदळूनच.

“घे पाना,” ते डोळे पुसत म्हणाले. “तूच कर.”

ती पाठीवर झोपून पेडलखाली शिरली. पाय दाराबाहेर, डोकं आत. नट सैल केला, दांडा आखूड करायला लागली.

“किती जागा ठेवू? मिलिमीटरमध्ये सांगा.”

“एक बोट.”

“कुणाचं बोट? तुमचं केवढं जाड, माझं केवढं!”

“पाय कुणाचा?”

“माझा.”

“मग बोटबी तुझंच.”

याला काय मोजमाप म्हणायचं? कॉलेजात असं उत्तर लिहिलं असतं तर सरांनी वही फेकली असती. तरीही तिने पेडलखाली आपलं बोट धरलं, तेवढी जागा ठेवली आणि नट आवळला.

गॅरेजच्या मागून टेकाकडे एक कच्चा चढ जात होता. केतकीने गाडी तिथे नेली. सुटताना गाडी बाणासारखी सुटली. पकड कशी अगदी पायाखाली! ती एकटीच ओरडली. पण दुसऱ्या वळणाच्या वर इंजिन नुसतं कोकलायला लागलं... आणि गाडी काही ओढेना.

पाच मिनिटांत ती परत आली. दार आपटलं.

“तुमचं बोट चुकलं.”

“तुझं होतं.”

“वस्ताद, थट्टा नको! सुटते छान, पण चढाला क्लच घसरतोय.”

“मग परत फिरव.”

ती पुन्हा आत शिरली. पाना नटाला लावला. वस्ताद दाराशी बसले, हात आत घातला आणि पान्याच्या शेपटावर आपलं एक बोट टेकवलं.

तिने पाना ओढला. तो अडखळला. पुन्हा ओढला.

“वस्ताद, बोट.”

“काय झालं?”

“पाना हलत नाही नीट. बोट काढा.”

“मी कुठं जोर लावलाय? नुसतं ठेवलंय.”

“नुसतं ठेवलंय म्हणजे काय! काम करताय का? नाही ना? मग काढा ते!”

वस्तादांनी काढलं नाही.

...

केतकी तशीच पडून राहिली. क्लचचं पेडल तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. त्याचं रबर मधोमध घासून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. डावा पाय टेकवायला शेजारी वेगळी पट्टी होती. तिचं रबर शोरूममधून आलं तसं, कोरं करकरीत.

चढाच्या दुसऱ्या वळणावर आपला पाय कुठे होता, ते तिला आठवलं. क्लचवरच होता, नुसता ठेवलेला. दर वेळी तिथेच असतो. वेळ यायच्या आधी तयार.

तिने पाना काढून घेतला. नट फिरवला नाही.

बाहेर येऊन तिने केसातली धूळ झटकली, वस्तादांकडे न बघता गाडीत बसली आणि पुन्हा चढाला लागली. या वेळी डावा पाय त्या कोऱ्या पट्टीवर टेकलेला होता, आणि इंजिनचा आवाज एकसारखा वर वर जात राहिला... मग टेकाच्या पलीकडून हॉर्न ऐकू आला. एकदा नाही, चांगला पाच-सहा वेळा. वस्ताद लाकडाच्या भुशाने हात घासत ऐकत होते.

ती परतली तेव्हा तोंडभर हसत होती. गाडीतून उडी मारून उतरली आणि वस्तादांच्या पुढ्यात उभी राहिली.

“सगळा चढ ओढला! क्लच एकदाही घसरला नाही. तुम्ही आधीच सांगितलं असतं तर?”

“ऐकलं असतंस?”

“...नाही.”

दोघंही हसले. मग केतकीने बोटं मोडली. घाटाच्या दिशेने पाहिलं. पुन्हा बोटं मोडली.

“वस्ताद, पण रविवारी मी येईन ना पहिल्या तिघांत? पाऊस पडला तर? आबा तिथे समोरच उभे राहणार आहेत. आणि त्या रणधीरने तर आत्ताच नवं हेल्मेट...”

वस्तादांनी हात पुसले.

“परत ठेवलास पाय.”

केतकीने खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

“काढ,” वस्ताद म्हणाले.