सातभाईंची पाळी

माळावर माणसाची पाऊलवाट उमटली नव्हती तेव्हाची गोष्ट. सातभाई पक्ष्यांच्या थव्यात सहा जण खाली किडे टिपत आणि सातवा बाभळीच्या शेंड्यावरून पहारा देई. पाळी रोज बदले. एकदा ससाणा आला, तेव्हा दांडगा नावाचा सातभाई म्हणाला, "तो जाईपर्यंत मीच बसतो."

ससाणा केव्हाच गेला. दांडगा मात्र उतरेना. रोज सकाळी तो अदबीने विचारी, "आज पाळी कुणाची?" सगळे म्हणत, "तुमचीच," आणि त्याला वर आयते किडे पोचवत.

शेवटी म्हाताऱ्या थोरल्याचं डोकं फिरलं. "आज पाळी माझी आहे. लाज असेल तर खाली उतर."

"ससाणा आला," दांडगा ओरडला.

सगळे काटेरी झुडपात घुसले, थोरला सगळ्यांत आधी. तिथून त्याने वर पाहिलं. आभाळ कोरं होतं. तरी शेंड्यावरून हुकूम येईपर्यंत तोही बाहेर आला नाही.