कासारणीचं पत्र

“अगं, नदीपलीकडच्या डाकचौकीत कासारणीच्या नावाचं पत्र येऊन पडलंय. आणि काय सांगू, त्याचा कोपराच…”

तेलीण एवढंच बोलली आणि गप्प झाली. कारण घागर घेऊन खुद्द कासारीणच पाणवठ्यावर आली होती.

ही गोष्ट फार पूर्वीची, पत्रावर तिकीट चिकटवायच्याही आधीची. एका गावात बांगड्या भरणारी एक कासारीण एकटी राहायची. तिचा एकुलता एक मुलगा काचेच्या भट्टीवर काम शिकायला लांब परमुलखात गेलेला. त्या काळी हरकारा पत्रांची थैली आणि घुंगरं बांधलेला भाला घेऊन पळत यायचा. हशील, म्हणजे टपालाचे पैसे, पत्र घेणाऱ्यानं द्यायचे. नाही दिले, तर पत्र आल्या वाटेनं परत! आणखी एक रीत होती. मरणाची बातमी असली, की पत्राचा कोपरा फाडून पाठवायचे.

कासारणीनं अर्धं ऐकलं, बाकीचं तिच्या भीतीनं सांगितलं. घागर तिथंच राहिली. इकडे तेलीण घरोघर कुजबुजली, “पोरगा आता काही परत येत नाही बरं का!”

एवढ्यात छुम छुम छुम! भाल्याची घुंगरं वाजली. हरकारा आला, हरकारा आला! सगळा गाव चौकात धावला.

“कासारीणबाई, हशील द्या, पत्र घ्या. दिवस मावळायच्या आत मला पुढची चौकी गाठायचीय.”

कासारणीनं पाहिलं. पत्राला कोपरा नव्हताच. ती मागं सरली. “नको मला. परत ने. मी घेतलंच नाही, तर ते खरंही होणार नाही.”

“मी भरते हशील!” तेलीण पुढं सरसावली. “काय लिहिलंय ते कळू तरी दे!”

“मावशी, पत्र तुमच्या नावाचं आहे का? ज्याचं त्यालाच द्यायचं, असा हुकूम आहे.”

थैली खांद्यावर टाकून हरकारा निघाला. घुंगरांचा आवाज वेशीकडे लांब लांब जाऊ लागला. कासारणीच्या मनात आलं, वाईट असो की बरं, लेकाची खबर चालली. ती पदर खोचून धावत सुटली.

“थांब रे बाबा, थांब! असेल ते दे!”

तिनं पैसे दिले आणि पत्र मागोमाग आलेल्या गावच्या पंतोजींच्या हातात वाचायला ठेवलं. पंतोजींनी ते डोळ्यांजवळ नेलं. “अहो, हे कुणी फाडलेलं नाही. उंदरानं कुरतडलंय! या बघा दातांच्या खुणा.”

हरकारा ओशाळला. “चौकीत उंदीर फार माजलेत हो.”

पंतोजी वाचू लागले. “आईस साष्टांग नमस्कार. मी आता गावी परत येणार नाही…”

“पुढं वाचा,” कासारीण म्हणाली.

“…कारण इथं माझी स्वतःची भट्टी पेटली! बांगड्या भरायला तुझ्यासारखा हात इथं कुणाचा नाही. पौर्णिमेला मालाची गाडी नदीपलीकडे थांबेल, तीत बसून ये. आली नाहीस, तर तुझं मन नाही असं समजेन.”

“पौर्णिमा? अगंबाई, परवाच की!” कासारीण म्हणाली.

मग काय विचारता! कुणी दशम्या केल्या, कुणी गाठोडं बांधलं. तेलीण तेलाचा बुधला घेऊन आली. “मी म्हटलं नव्हतं, पोरगा परत येत नाही म्हणून?”

कासारीण हसली आणि तिचा हात ओढून हिरवा चुडा भरू लागली. “म्हणालीस खरं. पण निम्मंच, बाई, निम्मंच!”

तात्पर्य एवढंच: अर्ध्या बातमीला आपल्या भीतीचं शेपूट जोडू नये, आपल्या नावाचं पत्र आपणच उघडावं.