सातूच्या गोळ्यावरचे दात

“माणसं तीन, आणि डब्या दोनच कशा?” लामाजींनी विचारलं.

मठाच्या ओसरीत बाकावर दोन चपट्या डब्या होत्या. निळी वैदेहीची, गुलाबी आठ वर्षांच्या मनवाची. आत, पडल्यावर दात वाचावेत म्हणून दातांवर बसवायचे माउथगार्ड होते.

“मला लागत नाही,” वैदेहीचा नवरा हर्षल हसला. “सव्वीस वर्षं स्की करतोय, लामाजी. पडतात कसं, तेच विसरलोय.”

“बाबा घालत नाही, तर मी पण नाही!” असं म्हणत मनवा बाहेर बर्फात पळाली. गुलाबी डबी तिथेच राहिली.

“ऐकलंत?” वैदेही म्हणाली.

हर्षलने ऐकलं नाही. तो बुटांचे पट्टे आवळत होता.

मठामागून वाट डोंगरावर जायची आणि बर्फाचा उतार पुन्हा मठाच्या दारात येऊन संपायचा. तिथली एक रीत होती. वर जाणाऱ्याने सातूच्या पिठाच्या ओल्या गोळ्यावर एकदा चावायचं. खाली उतरल्यावर आपला गोळा घ्यायचा आणि कावळ्यांना घालायचा.

वैदेहीने चावून गोळा परत दिला. लामाजींनी दुसरा हर्षलपुढे धरला.

“राहू द्या हो. दात माझे, काळजी तुम्हाला?”

लामाजी हसले. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता.

“आत ये.”

आतली खोली थंड होती. जुन्या लोण्याचा वास येत होता. भिंतभर फळ्या, फळ्यांवर ओळीने वाळलेले गोळे. प्रत्येकावर दातांची महिरप. शेकडो तोंडं अर्धवट उघडी...

“हे सगळे परत आले नाहीत?”

“बरेच आले. गोळा न्यायला विसरले.”

“आणि बाकीचे?”

“त्यातले बाकीचे कुठले, ते मला ओळखू येत नाही.”

कुणीतरी झोपेत दात खावेत तसा बारीक आवाज येत होता. हर्षलने मागे वळून पाहिलं. खोलीत ते दोघंच होते.

लामाजींनी खालच्या फळीवरून एक लहान गोळा उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

“तुझ्या मुलीचा.”

गोळा कडक लागला. हर्षलने तो उजेडाकडे धरला. बारीक दातांची ओळ होती. डावीकडे नीट, उजवीकडे नीट. मधे, वरच्या दोन दातांच्या जागी, काहीच नव्हतं.

“मनवा!”

गोळा फळीवर टाकून तो धावतच बाहेर आला. मनवा बर्फाचे लाडू वळत होती.

“दात दाखव.”

“काय झालं?”

“दाखव आधी!”

“ईऽऽऽ,” मनवाने दात दाखवले.

दोन्ही होते. नुकतेच आलेले, रुंद, करवतीसारख्या धारेचे. दुधाचे पडले तेव्हा हर्षलनेच ते सोसायटीच्या पार्किंगच्या पत्र्यावर फेकले होते, उंदीरमामाकडे नवे मागून. उंदीरमामा दुसऱ्यांदा देत नाही.

त्याने त्या दातांवरून बोट फिरवलं.

“बाबा, तुझा हात गार आहे.”

ओसरीत परतला तेव्हा हर्षलचा चेहरा उतरला होता.

“आपण आज वर नको जाऊ या. ती घालणार नाही, आणि मी...”

“आणि तुम्ही?” वैदेहीने पर्स उघडली. एक पांढरी डबी बाकावर ठेवली. “तुमचा माउथगार्ड. ठाण्याहून निघताना घेतलाय. गरम पाण्यात मऊ करायचा आणि आपल्याच दातांवर चावून बसवायचा. चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. म्हटलं, कधीतरी विचाराल.”

हर्षलने डबी उघडली.

चुलीवर पाणी उकळत होतं. लामाजींनी किटलीचं झाकण काढलं.

पाण्यातून निघालेला माउथगार्ड जरा निवल्यावर हर्षलने तोंडात घातला. डोळे मिटून चावला. नंतर तो काढून सातूचा गोळाही मागून घेतला आणि त्यावरही चावला. गोळ्यावर त्याचे सगळे दात उमटले. मग माउथगार्ड पुन्हा दातांवर चढवला.

मनवा दारात उभी राहून बघत होती.

“बाबा, तू माकडासारखा दिसतोस.”

“तू पण दिस,” हर्षल माउथगार्ड लावून बोबडं बोलला.

ती खुदकन हसली. गुलाबी डबी उघडली आणि कुणी न सांगता आपला माउथगार्ड दातांवर बसवला.

बाहेर कावळे आले होते. ओळीने बसले होते. एकही ओरडत नव्हता.

“लामाजी,” हर्षल हळूच म्हणाला, “तिचा तो गोळा... पुन्हा एकदा बघू?”

लामाजींनी परातीतून मूठभर सातू घेतला, चहाने भिजवला आणि एक लहानसा गोळा वळला. तो मनवाच्या तळहातावर ठेवला.

“कुठला गोळा? पोर अजून चावलीच कुठे आहे?”