पाठमोरा प्रेक्षक

एकदा एक फलंदाज आपल्या गुरूकडे पेढे घेऊन आला. सुयोग त्याचे नाव. क्लबच्या सामन्यांत उमेदीची कित्येक वर्षे घालवल्यावर त्याची रणजी संघात निवड झाली होती, तीही नेहमीचा सलामीवीर जखमी झाला म्हणून. मिळणार तो हा एकच सामना. त्यात हुकला, की पुन्हा कोण विचारतो?

चित्रे सरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "पॅड बांध." मग त्यांनी एक अजब प्रकार केला. नेटमागची आपली खुर्ची उलटी फिरवली आणि सुयोगकडे चक्क पाठ करून बसले. सुयोगने झकास कव्हर ड्राइव्ह मारला, सर ढिम्म. पुढचा त्याहून देखणा मारायला गेला आणि त्याचा त्रिफळा उडाला. निघायच्या दिवसापर्यंत हेच चालले. स्वारी पार हिरमुसली.

शेवटी त्याने विचारलेच, "सर, माझं काही चुकलं का?"

"चुकलं काही नाही रे. पण फटका मारला की माझ्या तोंडाकडे बघायची तुला पहिल्यापासून सवय. ही स्पर्धा राजेमहाराजांच्या काळापासून चालत आली आहे. आज तिथे दिवसचे दिवस ऊन असतं, रिकामी बाकं असतात आणि सीमारेषेवर पेंगणारं एखादं कुत्रं. शाबासकीची वाट बघत बसलास, तर पुढचा चेंडू कोण बघणार? खेळण्याचीच गोडी लागू दे. मग कोणी बघो न बघो."

सुयोगला ते पटले, पण पुरते उमगले ते सामन्यात. सामना अनिर्णित राहणार हे दिसतच होते, आणि अशा वेळी पहिल्या डावात जो पुढे, तोच सरस ठरतो. धावसंख्या बरोबरीत आली होती. आघाडीला एक धाव हवी आणि सोबतीला शेवटचा गडी. सकाळपासून सुयोगने स्टँडकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. त्याला नुसती मजा येत होती, लहानपणी गल्लीत खेळताना यायची तशी. षटकातला शेवटचा चेंडू त्याने हलकेच ढकलला आणि धाव घेतली. जोडीदाराने त्याला उचलूनच घेतले. सगळा संघ ओरडत बाहेर आला.

तेव्हा कुठे त्याची नजर वर गेली. मोकळ्या स्टँडमध्ये एकच माणूस, मैदानाकडे पाठ करून बसलेला. गलका ऐकूनही पाठ वळली नव्हती. दोन्ही हात तेवढे डोक्यावर जाऊन टाळ्या वाजवत होते.

सुयोगला हसू आवरेना. त्याने त्या पाठीकडे बॅट उंचावली, आणि पुढचा चेंडू खेळायला उभा राहिला.