कायदा पाळणारा एक माणूस

"तुझा बाप सुटायला हवाय ना? मग या गावातला एक, फक्त एक माणूस माझ्यापुढे आण, जो स्टॅम्पचा कायदा तंतोतंत पाळतो! उद्या दुपारी जहाज सुटायच्या आत. नाहीतर तुझा बाप त्याच जहाजानं लंडनच्या तुरुंगात!" थॉर्नपोर्टच्या गव्हर्नरसाहेबांनी हेप्झीला अट घातली आणि स्वतःच खूष होऊन मांडीवर थाप मारली.

"कुणीही चालेल, साहेब?" हेप्झीनं विचारलं.

"अगदी कुणीही! गटार उपसणारासुद्धा!"

अट कसली, शुद्ध थट्टा होती ती! अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं हे बंदर तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होतं. राजाची तिजोरी आटली, तेव्हा त्या शहाण्यानं फर्मान काढलं, की कोर्टाचा-सरकारचा हुकूम असो, दस्तऐवज असो, वर्तमानपत्र असो, नाहीतर पत्त्यांचा जोड असो, सरकारी स्टॅम्प विकत घेऊन लावल्याशिवाय तो कागद रद्द! गावाला कुणी विचारलं होतं? कुणीही नाही. मग गावही पेटलं. 'स्वातंत्र्यपुत्र' म्हणवणाऱ्या लोहार-सुतार-खलाशांनी स्टॅम्प विकणाऱ्या गृहस्थाला चौकातल्या झाडाखाली उभं केलं. त्यानं टोपी काढून तिथंच राजीनामा दिला. स्टॅम्पच्या पेट्या गव्हर्नरनं घाबरून किल्ल्यात कोंडल्या. आता कायदा पाळायचा म्हटलं, तरी स्टॅम्प मिळणार कुठून?

दुसऱ्या सकाळी त्या झाडाला गव्हर्नरचा गवती पुतळा लटकत होता. पोट हुबेहूब! पण तिथंच घोळ झाला. पोटाला गोलाई यावी म्हणून आत पिंपाच्या फळ्या बसवल्या होत्या आणि गावात पिंपं बनवणारा एकटाच, हेप्झीचा बाप अमोस. गव्हर्नरनं त्याला लगेच अटक केली.

गव्हर्नरची अट ऐकून हेप्झी तडक त्याला भेटायला तुरुंगात गेली.

"बाबा, साधा पेंढा भरला असता तर काय बिघडलं असतं?"

"पेंढ्याचं पोट लोंबतं गं," गजाआडून अमोस फणकारला. "काम करायचं तर नीट करावं माणसानं!"

हेप्झीनं कपाळाला हात लावला. बापावर तिचा जीव होता, पण त्याच्या कारागिरीचा तिला त्या क्षणी मनस्वी राग आला. तेवढ्यात तिची नजर तुरुंगाधिकारी ओबेडच्या टेबलावर गेली. हा ओबेड म्हणजे कमालीचा नियमाचा माणूस. आमटीत मीठ घालायलासुद्धा वरिष्ठांची परवानगी मागेल असा! टेबलावर अमोसच्या अटकेचा हुकूम होता.

"ओबेडकाका, बघू जरा तो कागद?"

तिनं तो उलटसुलट करून पाहिला. मग ओबेडला कोपऱ्यात नेऊन ती हळूच काहीतरी बोलली. ओबेडचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आतच हेप्झी ओबेडला घेऊन गव्हर्नरसमोर हजर!

"साहेब, हा घ्या कायदा पाळणारा माणूस."

"हा?" गव्हर्नर खो खो हसला. "या बावळटानं कसला कायदा पाळला?"

ओबेड घाम पुसत म्हणाला, "साहेब, अमोसच्या अटकेचा हुकूम आपण साध्या कागदावर लिहिला होता. त्यावर स्टॅम्प नव्हता. कायद्यानं तो हुकूमच रद्द! आणि हुकूम नसताना माणूस कोंडून ठेवायचा म्हणजे माझी नोकरी जायची. म्हणून मी त्याला सकाळी सोडून दिलं."

"सोडलं? गाढवा!" गव्हर्नर ताडकन उठला. "चिटणीस, दुसरा हुकूम लिहा! स्टॅम्पच्या कागदावर!"

चिटणीस चाचरत म्हणाला, "कागद किल्ल्यात आहेत, साहेब. पण ते विकत घ्यायचे कुणाकडून? विकणाऱ्यानं तर राजीनामा दिलाय."

"मग साध्या कागदावर लिहा!"

"लिहा की!" हेप्झी म्हणाली. "फक्त खाली सही आपण स्वतः करा, साहेब. राजाचा कायदा सर्वांत आधी कुणी मोडला, हे लंडनला कळायला नको का?"

गव्हर्नरचा हात हवेतच राहिला. त्यानं चिटणीसाकडे पाहिलं, चिटणीसानं छताकडे. एवढी तोफा-जहाजांची सत्ता, आणि पिंपवाल्याची एक पोर तिला वाकुल्या दाखवत उभी होती! गव्हर्नरचे गाल थरथरले, पोट हललं आणि तो असा गडगडून हसला, की डोक्यावरचा केसांचा टोप कानावर आला.

"जिंकलीस, पोरी! तुझा बाप मोकळा! वर माझ्या तबेल्यातला पांढरा घोडाही तुला बक्षीस! चिटणीस, लिहून द्या तिला..."

"लिहायचं कशाला, साहेब?" हेप्झी घाईघाईनं म्हणाली. "तेही रद्द व्हायचं! लगाम हातात द्या, म्हणजे झालं."