वेशीबाहेरचं वाडगं

एका गावाला एकच वेस होती आणि त्या वेशीवर एक राखणदार होता. उंचापुरा गडी, हातात गावानं दिलेली पितळी मुठीची काठी. ही काठी आडवी झाली की पाटलांची घोडीसुद्धा थांबते, असं तो स्वतःच सांगत असे.

गावात दोन जमाती नांदत होत्या. डोंगराकडे शेळ्या पाळणारे डोंगरकर आणि नदीकडे होड्या चालवणारे तीरकर. देव वेगळे, बोली थोडी वेगळी, पागोटं बांधायची तऱ्हा वेगळी. भूक लागायची वेळ तेवढी दोघांची एकच. राखणदार होता डोंगरकर.

गावाची एक जुनी रीत होती. बाहेरून आणलेलं जनावर, मग ते कुणाचंही असो, आठ दिवस वेशीबाहेरच्या वाडग्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या आवारात, बांधायचं. धडधाकट राहिलं तर आत घ्यायचं. पूर्वी एकदा खुरकूत, म्हणजे जनावरांच्या तोंडाखुरांचा रोग, गावात शिरली होती आणि निम्मी गुरं गेली होती, तेव्हापासून जाणत्यांनी ही रीत घालून दिली होती.

राखणदार रीत पाळायचा, पण एका डोळ्यानं. तीरकर बकरी घेऊन आला की आठाचे दहा दिवस करायचा, वर त्याचं गाठोडंही उचकायचा. डोंगरकर आला की म्हणायचा, "तुम्ही काय, घरचेच. जा आत." आपलं काही चुकतंय असं त्याच्या मनातही येत नसे. आपल्या माणसाला आपण ओळखतो, मग तपासायचं काय? आता माणूस ओळखीचा असला म्हणून त्याच्या शेळीचा आजार कसा कळतो, हे त्याला कुणी विचारलं नाही.

एका बाजारच्या दिवशी त्याचे सख्खे मामा अकरा शेळ्या हाकत वेशीशी आले. त्यातली एक लाळ गाळत होती आणि मागचा पाय झटकत होती. राखणदारानं ते पाहिलं आणि वाडग्याचं झाप थोडं उघडलं.

"हे काय रे?" मामा म्हणाले. "मला तीरकरांच्या पंक्तीला बसवतोस? लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, ती याचसाठी का?"

"लंगडतेय ती, मामा."

"काटा रुतलाय. चालून चालून निघेल."

वाडग्यात एक म्हातारा तीरकर आपल्या दोन बकऱ्यांना पाला घालत होता. त्याचा तो चौथा दिवस. तो हळूच म्हणाला, "बाबा, त्या शेळीला थांबव. तिचं लक्षण बरं नाही."

"तू तुझं बघ," राखणदार म्हणाला आणि त्यानं काठी बाजूला घेतली.

पाच दिवसांत खुरकूत गावभर पसरली. पेरणी तोंडावर, आणि बैल पाय टेकेनात. करडं पटापट मेली. राखणदाराच्या दारातली दुभती शेळीही गेली. तिच्या दुधावर त्याची तान्ही मुलगी वाढत होती.

गाव चावडीवर जमलं. "तीरकरांनीच रोग आणला," एकजण म्हणाला. "बघावं तेव्हा वाडग्यात त्यांचीच जनावरं असतात. उगाच का अडवतात त्यांना?" डोंगरकरांना ते लगेच पटलं. त्या वेळी वाडग्यात म्हाताऱ्याच्याच बकऱ्या होत्या, म्हणून त्यालाच कुटुंबासकट गावाबाहेर घालवायचं ठरत आलं. म्हातारा हात जोडून उभा होता. आपलं इथं कुणी ऐकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

पाटील राखणदाराकडे वळले. "वेशीवर तू असतोस. तू सांग, रोग कुणाच्या जनावरातून आला?"

मामांनी खाकरून त्याच्याकडे पाहिलं. मूग गिळून बसलं की झालं, हे राखणदाराला कळत होतं. काठी राहिली असती, मामाही राहिले असते. म्हाताऱ्याचं घर तेवढं उठलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं काठी चावडीच्या पायरीवर ठेवली.

"या म्हाताऱ्याच्या बकऱ्या अजून वाडग्यातच आहेत," तो म्हणाला. "रीतीप्रमाणे कालच सुटायला हव्या होत्या, मीच सोडल्या नाहीत. जाऊन बघा, ठणठणीत आहेत. रोग माझ्या मामांच्या शेळ्यांबरोबर आला. लाळ मी पाहिली होती, यानं बजावलंही होतं. मी आपला माणूस बघितला, शेळी बघितली नाही."

चार माणसं वाडग्यापर्यंत जाऊन आली. बकऱ्या खरंच ठणठणीत होत्या. मामा उठून गेले आणि पुढं कित्येक वर्षं भाच्याशी बोलले नाहीत. पाटलांनी काठी उचलली. "ही गावाची काठी आहे," ते म्हणाले, "तुझ्या घराण्याची नाही." आणि त्यांनी ती म्हाताऱ्याच्या हाती दिली.

रोग ओसरल्यावर जुन्या राखणदारानं लेकीसाठी बाजारातून एक शेळी आणली. वेशीवर म्हातारा बसला होता. जुन्या राखणदारानं मान खाली घातली. आता हा आपल्याला महिनाभर ताटकळत ठेवणार, आणि ठेवलं तरी बोलायला तोंड नाही, असं त्याला वाटलं.

म्हाताऱ्यानं शेळीचं तोंड पाहिलं, खूर पाहिले आणि वाडग्याचं झाप उघडलं.

"आठ दिवस," तो म्हणाला.

"दहा नाहीत?"

"रीत आठाची आहे. आणि तोवर पोरीसाठी माझ्या बकरीचं दूध ने."

तात्पर्य इतकंच: राखणदारानं पागोटं बघून काठी बाजूला घेतली, की गाव राखलं जात नाही. नियम परक्याला जितका, तितकाच आपल्यालाही हवा.