ट्रॉफीची जागा

जोती शेडग्याने बोरवाडीच्या शिदू पैलवानाला चीत केले आणि ट्रॉफी आमच्या गावाला आली. सरपंच हैबतरावांनी ठरवले, दोन गावांच्या वेशीवर दगडी चौथरा बांधायचा, ट्रॉफी त्यावर बसवायची आणि खाली कोरायचे, 'शिदू हरला.' शिदूची बहीण आमच्याच गावात दिलेली. तिची माहेरची वाट त्याच वेशीवरून जायची. तिने जोतीला गाठले. "दादा, एवढं टाळा," म्हणाली.

जोती भर ग्रामसभेत उभा राहिला. "सरपंच, हे नको."

"तुला काय कळतंय? ट्रॉफी हा शब्द मुळात ग्रीक लोकांचा. शत्रू जिथून पाठ फिरवून पळाला, तिथंच ते खांब रोवायचे आणि त्याची हत्यारं टांगायचे. तीच ट्रॉफी. रीत म्हणजे रीत."

"म्हणजे जिथनं पळाला तिथंच?"

"तिथंच. दुसरीकडं नाही."

"मग वेशीवर कशी? शिदू तर पळालाच नाही. कुस्ती चालू असताना आग्यामोहोळ उठलं. माश्या दोघांनाही डसल्या, पण त्यानं पकड सोडली नाही. पळालात ते तुम्ही, मानाची खुर्ची सोडून थेट उसात. रीत पाळायची तर चौथरा त्या खुर्चीच्या जागी बांधा. नाव मात्र खरं कोरा."

हैबतराव फेटा सावरत उठले आणि निघून गेले.

चौथऱ्यासाठी आणलेले दगड शाळेच्या पायऱ्यांना लागले. शिदूची बहीण त्या दिवाळीला माहेरी गेली, ती मान वर करून.